बंधाऱ्याआधी मुले

“घरटी एक मूल नेणार म्हणे, आणि बंधाऱ्याच्या पायात…” एवढे बोलून पाणवठ्यावरची तिस्सा गप्प झाली, कारण वाटेने राजाचा शिपाई येत होता. पुढचे वाक्य सुमना कुंभारणीने मनात पुरे केले. अर्धे ऐकलेले पुरे करायला कितीसा वेळ लागतो! घागर तिथेच टाकून ती घराकडे पळाली.

ही गोष्ट गोदेकाठच्या नलकपुरात वसुसेन राजा राज्य करीत होता आणि बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मला होता, तेव्हाची. तिथला बंधारा तीनदा बांधला, तीनदा वाहून गेला. गावात ना धड पाथरवट, ना पाण्याची चाल ओळखणारा माणूस. कारागीर परमुलखातून यायचे, मजुरी घेऊन जायचे, मागे उरायचा चिखल.

सुमनाने सात वर्षांच्या चंपिकेला मोठ्या रांजणात बसवले. “चकार शब्द काढलास तर बघ.” वर टोपली उपडी घातली.

भरदुपारी दारात अमात्य उभा राहिला, एकटाच.

“बाई, मूल न्यायला आलोय.”

“मला मूलबाळ नाही.”

तेवढ्यात रांजण शिंकला.

“रांजणाला पडसं झालेलं दिसतंय,” अमात्य म्हणाला. पण हसला नाही. तोही भ्यालेलाच दिसत होता.

सुमनाने त्याचे पाय धरले. “मला न्या हो! माझी हाडं जास्त भरतील त्या पायात.”

“पायात नाही, शाळेत. सकाळी पेज, दुपारी भात. आजारी पडली तर वैद्य. बंधाऱ्याचं धन राजानं दहा वर्षं मुलांसाठी दिलंय.”

“आणि तोवर बंधारा?”

“मुलं शिकून तयार होईपर्यंत नाही.”

“लोक तुम्हाला खातील, अमात्य.”

“लोकांचं राहू दे,” तो म्हणाला आणि त्याने रांजणावरची टोपली उचलली.

सुमनाने मूल दिले ते विश्वास बसला म्हणून नव्हे. राजाच्या माणसाला अडवणार कोण? चंपिका रोज संध्याकाळी घरी येई, तेव्हा सुमना तिच्या हातापायांची बोटे मोजून पाही. दोन वर्षे पाऊस कमी झाला. चावडीवर लोक ओरडू लागले, “पोरांना भात चारून नदी अडते होय?”

पण मुले मरेनाशी झाली, हे आधी बायांच्या लक्षात आले. मग कुणी पाथरवट झाला, कुणी वैद्य. नलकपुरी कापड परमुलखाच्या बाजारात जाऊ लागले; नुसते वाटेने जाणारे व्यापारी आता मुक्काम करू लागले. नवव्या वर्षी याच मुलांनी बंधारा उभा केला. जादा पाणी जायला कडेने सांडवा ठेवला, त्याचे माप चंपिकेने काढले.

दहाव्या वर्षी पूर आला. सारे गाव टेकाडावर उभे राहिले. बोधिसत्त्व मात्र बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, थेट पायाशी जाऊन उभा राहिला.

“अहो, वर या!” सुमना किंचाळली.

“माझी जागा इथंच आहे, बाई.”

टेकाडावर सुमनाच्या शेजारी उभा असलेला राजा पांढराफटक पडला होता. “सुमने, पुरोहितानं पायात मुलं मागितली होती. मी हो म्हणून बसलो होतो. अमात्य म्हणाला, मुलं दहा वर्षं मला द्या. बंधारा टिकला नाही, तर पायात मी.”

पाणी काठोकाठ चढले. सांडव्याची एक कड ढासळली, तसा लोंढा तिकडून गरजत निघाला. बंधारा हलला नाही. चिखलाने माखलेला अमात्य वर आला, तेव्हा त्याचे दात वाजत होते.

तिस्साने ऐकलेले अगदीच खोटे नव्हते तर. मुले नेली होती, पायाला बळीही ठरला होता. तो मुलांचा नव्हता, इतकेच.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, “तेव्हाची सुमना ती आजची किसा गौतमी, चंपिका ती खेमा. राजा आनंद होता, पुरोहित देवदत्त. आणि अमात्य मीच होतो.” त्या जन्मी त्यांनी पुरी केली, ती प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची पूर्णता.