राक्षसाची पैज आणि येसूचे सागरगोटे

फार पूर्वी एका डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक गाव होतं. दोन्हींच्या मधून जायला एकच खिंड. अलीकडच्या गावात ज्वारी पिकायची, पलीकडच्या गावात मिठागरं होती. लेकीही इकडच्या तिकडे आणि तिकडच्या इकडे दिलेल्या. त्यामुळे खिंडीत सदा माणसांची वर्दळ असायची आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज दिवसभर घुमायचा.

एके वर्षी त्या खिंडीत एक राक्षस येऊन बसला.

तो कुणाला खायचा नाही की मारायचा नाही. वाटेच्या मधोमध मांडी घालून बसायचा आणि येईल त्याला म्हणायचा, "आधी माझ्याशी सागरगोटे खेळ. एक खडा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा दुसरा उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग पुन्हा तेच. पडला तर उचलायचा आणि खेळत राहायचं. जो आधी 'पुरे' म्हणेल तो हरला."

"आणि मी जिंकलो तर?" माणूस विचारायचा.

"तर मी ही खिंड मोकळी करून कायमचा निघून जाईन. पण हरलास तर एक मोठा धोंडा आणून या वाटेवर रचायचा आणि आल्या पावली परत जायचं."

राक्षसाच्या शेजारी तांब्याचा एक जादूचा हंडा होता. राक्षसानं खडा झेलला की हंड्यात 'टण्' असा आवाज व्हायचा आणि आत एक चमकता मणी पडायचा. डाव संपला की सगळे मणी विरून जायचे. त्या मण्यांचं काही करता येत नव्हतं, तरी तो आवाज झाला की राक्षसाचे डोळे लकाकायचे आणि तो लगेच पुढचा खडा उडवायचा.

सगळ्यांत आधी गावचा पैलवान गेला. "दंड बघा माझे! वर्षभर खडे उडवीन," असं म्हणत तो बसला. दंड थकले नाहीत, पण सकाळची न्याहारी जिरायच्या आत त्याला जांभया यायला लागल्या. "यात कुस्ती कुठंय? डाव कुठंय? नुसतं उडव आणि झेल!" असं म्हणून त्यानं खडा भिरकावला. "पुरे!"

वाटेवर पहिला धोंडा पडला.

मग एक तरुण गेला. जत्रेतली एकही शर्यत त्यानं कुणाला जिंकू दिली नव्हती. तो घटकाघटकाला राक्षसाला विचारायचा, "आत्ता कोण पुढं आहे? मी की तू?"

"इथं कुणी पुढं नाही आणि कुणी मागं नाही," राक्षस म्हणायचा. "टण्!"

कोण पुढं आहे तेच कळत नाही म्हटल्यावर तरुणाचा जीव खेळात रमेना. दुपारच्या आधीच तो उठला.

त्यानंतर एक म्हातारे आजोबा गेले. सोसण्याबद्दल त्यांची ख्याती होती. दात आवळून, डोळे मिटून ते खडा उडवत राहिले. दिवस कलेपर्यंत ते टिकले. पण प्रत्येक झेलाबरोबर त्यांच्या तोंडून एकच निघत होतं, "आणखी किती? आणखी किती?" शेवटी त्यांना रडू फुटलं आणि त्यांनीही "पुरे" म्हटलं.

एकामागून एक माणसं हरत गेली. धोंड्यांची भिंत वाढत गेली. शेवटी एवढीशीच फट उरली. आता एक धोंडा पडला की खिंड बुजणार होती. गावातलं मीठ तर कधीच संपलं होतं. आमटी आळणी, भाजी आळणी. सासुरवाशिणींच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं.

गावच्या पाटलांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं. "कोण जातंय?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "मी जाते."

ती येसू होती. म्हादूची बायको. तिचं माहेर पलीकडच्या गावातलं. तिच्या धाकट्या बहिणीचं, गौराचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं.

येसूची सासू कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई! ताक घुसळताना तुझा हात दुखतो. भांडी घासताना तुझी पाठ धरते. आणि तू राक्षसाला हरवणार?"

"आत्याबाई," येसू हसून म्हणाली, "भांडी घासायची पैज असती ना, तर मी पहिल्या पातेल्यालाच हरले असते. पण ही सागरगोट्यांची आहे."

लोक हसले. पण पाटील हसले नाहीत. "पोरी, तू हरलीस तर वाट कायमची बंद होईल. समजतंय ना?"

येसूचं तोंड उतरलं. तेव्हा म्हादू उभा राहिला. "पाटील, मी सांगतो. ही रोज माझी भाकरी घेऊन शेतावर येते. माझं औत सुटेपर्यंत बांधावर बसून खडे उडवते. मी तीनदा हाक मारली तरी तिला ऐकू जात नाही. परवा भाकरी कावळ्यानं नेली, हिच्या पुढ्यातून! आपल्यातल्या बाकी सगळ्यांना राक्षसाशी खेळणं जिवावर आलं. हिला फक्त खेळायला मिळणार आहे."

पाटलांनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळं गाव येसूबरोबर खिंडीपाशी आलं. पलीकडेही बातमी पोचली होती. भिंतीच्या फटीतून येसूला गौराचा अर्धा चेहरा दिसला.

"ताई!" गौरा ओरडली. "मी उद्या हळद लावून घेणार नाही, तू आल्याशिवाय!"

"येते गं!" येसूनं हात हलवला आणि ती राक्षसासमोर बसली.

राक्षसानं तिच्याकडे पाहिलं. "तू? बरं. चल, कर सुरू."

खेळ सुरू झाला. राक्षसाच्या हंड्यात 'टण्, टण्' मणी पडू लागले. येसूला हंडा नव्हता आणि मणीही नव्हते. पण पहिल्या काही झेलांतच तिच्या लक्षात आलं की खिंडीतला वारा बांधावरच्या वाऱ्यासारखा नाही. तो खडा थोडा डावीकडे ढकलतो. मग तिनं हात थोडा डावीकडे धरून पाहिला. झेल नेमका तळव्याच्या मधोमध बसला.

"हां!" ती स्वतःशीच म्हणाली.

पुढचा खडा तिनं जरा कमी उंच उडवला. त्याच्या पुढचा आणखी कमी. किती कमी उडवला तरी खालचा उचलता येतो, ते तिला बघायचं होतं. एकदा फसलं आणि खडा गुडघ्यावर आपटून पडला. "आई गं!" म्हणत ती हसली आणि तिनं पुन्हा उडवला. मग तिनं वरचा खडा हाताच्या पाठीवर झेलून पाहिला. मग एकाऐवजी दोन खडे एकदम उचलून पाहिले. लांबून बघणाऱ्याला वाटत होतं, ही सकाळपासून तेच ते करते आहे. येसूला मात्र दोन झेल सारखे वाटत नव्हते.

राक्षस तिच्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर हंड्यात होती.

ऊन डोक्यावर आलं. आणि मग येसूवर वाईट वेळ आली.

फटीतून पलीकडच्या गावातल्या सनईचा सूर आला. मांडवाची तयारी चालली होती. येसूच्या मनात आलं, आपण हरलो तर? गौराचं लग्न आपल्याशिवाय होईल. आई वाट बघत राहील. गाव आयुष्यभर बोल लावेल. हे मनात आलं आणि हातातला खडा शिशासारखा जड झाला. वारा, उंची, तळवा, सगळं तिला दिसेनासं झालं. उडव, उचल, झेल. उडव, उचल, झेल. तिचे ओठ कोरडे पडले. 'हे कधी संपणार?' हा प्रश्न जन्मात पहिल्यांदा तिच्या मनात सागरगोटे खेळताना आला.

म्हादूनं तिचा चेहरा पाहिला आणि तो दोन पावलं पुढं सरकला. 'पुरे' हा शब्द येसूच्या ओठांवर येऊन थांबला होता.

इतक्यात तिच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि खडा घरंगळत डाव्या बाजूला गेला. तिनं तो डाव्या हातानं उचलला. आता तो उजव्या हातात घ्यावा, तर हात उघडेना.

"थांबलीस?" राक्षस गुरकावला. "म्हण पुरे!"

"थांबले नाही," येसू म्हणाली आणि तिनं डाव्या हातानं खडा उडवला.

तो तिच्या कपाळावर आपटला.

येसूनं कपाळ चोळलं, खडा उचलला आणि पुन्हा उडवला. या खेपेला तो मागे जाऊन पडला. तिसऱ्या खेपेला झेल लागला, तोही कसाबसा, दोन बोटांच्या चिमटीत. आणि येसू खळखळून हसली. डावा हात म्हणजे जणू आजच खेळायला आलेलं लहान पोर होतं! त्याला सगळंच शिकवायचं होतं. पुन्हा वारा बघायचा होता, पुन्हा उंची ठरवायची होती. गौरा, लग्न, भिंत, सगळं मागं पडलं. समोर एक खडा राहिला आणि त्याच्यामागून येणारा पुढचा खडा.

"आता ही हरत नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या.

दिवस मावळतीला आला. आणि खिंडीत कधी न घडलेली गोष्ट घडली. राक्षसाशी इतका वेळ कुणी खेळलंच नव्हतं, त्यामुळे त्याचा हंडा आजवर कधी भरला नव्हता. आता तो काठोकाठ भरला. राक्षसानं खडा झेलला, पण 'टण्' झालंच नाही.

राक्षस चपापला. त्यानं आणखी एक झेलला. आवाज नाही. आणखी एक. नाही.

त्यानं घाईघाईनं हंडा उपडा केला. मणी जमिनीवर पडले आणि विरून गेले. मग त्यानं पुन्हा खडा झेलला. 'टण्!' राक्षसाला हायसं वाटलं. पण थोड्याच वेळात त्यानं हंड्यात डोकावून पाहिलं. तळाशी मूठभर मणी होते. हा पुन्हा भरणार, मी पुन्हा उपडा करणार, मणी पुन्हा विरणार. मग? त्याचा हात मंदावला. तो 'टण्' आता त्याला डोक्यात घण घातल्यासारखा लागत होता.

खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यानं मान वर करून येसूकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी आळीपाळीनं खेळत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"ए बाई," राक्षस म्हणाला, "तुझ्याजवळ तर हंडाही नाही. तुला काय मिळतं?"

"आत्ताचा झेल बघितलास का?" येसू खड्यावरची नजर न काढता म्हणाली. "अगदी अलगद आला. आता तसाच डाव्या हातानं जमतो का बघते."

"पण झेलून झेलून पुढं काय?"

"पुढचा झेल," येसू म्हणाली.

राक्षसानं एक खडा उडवला. झेलला. 'टण्.' आणखी एक उडवला. त्याचा खांदा दुखत होता, पाठ दुखत होती, इतके दिवस जे कधी जाणवलंच नव्हतं ते सगळं आता जाणवत होतं. त्यानं हातातला खडा खाली टाकला आणि डोंगर हादरेल असा ओरडला,

"पुरे! पुरे! पुरे!"

क्षणभर कुणालाच खरं वाटेना. मग अलीकडच्या गावानं असा जल्लोष केला की झाडांवरची पाखरं उडाली. पलीकडून त्याला उत्तर आलं. म्हादूनं पागोटं हवेत उडवलं. पैलवानानं आजोबांना खांद्यावर घेतलं. सासूबाई रडत रडत येसूच्या तोंडावरून हात फिरवू लागल्या.

"थांबा आत्याबाई, एवढा एक झेलू द्या," येसू म्हणाली. तिनं तो शेवटचा खडा डाव्या हातानं अलगद झेलला आणि मगच ती उठली.

राक्षस मान खाली घालून बसला होता. "मला शिकवशील?" त्यानं विचारलं.

"शिकवीन की. पण आधी भिंत पाड. माझ्या बहिणीची हळद आहे."

राक्षसानं एकेक धोंडा उचलून दरीत लोटला. खिंड मोकळी झाली. मग येसूनं त्याला समोर बसवलं. "हंड्याकडे बघू नकोस. खडा वर कसा जातो तेवढं बघ." राक्षसानं उडवला. खडा त्याच्या नाकावर आपटला. तो दचकला, मग त्याला हसू आलं. शब्द दिल्याप्रमाणे तो डोंगर चढून दूरच्या रानात कायमचा निघून गेला. जाताना हंडा तिथंच विसरला.

आणि मग मोकळ्या खिंडीतून अलीकडचं सगळं गाव निघालं. पुढं हलगी, मागं बायका, बैल आणि पोरं. पलीकडून मिठाच्या गोण्या लादलेल्या गाड्या आल्या. दोन्ही गावं खिंडीच्या मधोमध एकमेकांना भेटली. आया लेकींना भेटल्या, विहिणी विहिणींना भेटल्या. गौरा धावत आली आणि तिनं ताईला अशी मिठी मारली की दोघी जमिनीवर बसल्या. दुसऱ्या दिवशी मांडवात पहिली हळद येसूनं लावली. त्या रात्रीच्या पंगतीत आमटीला मीठ थोडं जास्तच झालं होतं, पण एकानंही तक्रार केली नाही. जो तो बोटं चाटत होता.

आता यातून घ्यायचं ते असं. तात्पर्य: नुसत्या बक्षिसासाठी तेच ते करणारा बक्षिसाचा वीट येताच थांबतो, नुसतं सोसणाराही कधीतरी थकतो, पण ज्याचा जीव त्या कामात रमतो त्याला प्रत्येक खेप नवी असते, आणि त्याला हरवणं राक्षसालाही जमत नाही.