खिडकीतला पेला

एकदा एका तरुण इंजिनिअरला पुराची ओढ लागली. निरंजन त्याचे नाव. डोंगराच्या पायथ्याशी वर्षानुवर्षे चालत आलेल्या एका छोट्या जलविद्युत केंद्रात तो तात्यासाहेबांच्या हाताखाली शिकत होता. या महिन्यात विक्रमी वीज निर्माण झाली, तर मोठ्या धरणावर बदली, असे मुख्य कार्यालयाने त्याला कबूल केले होते. स्वारीने आईला कळवूनही टाकले! मग नदीकडे डोळे लावून बसणे आलेच.

आणि नदी आली, दुथडी भरून. निरंजनला आनंदाने काही सुचेना. तेवढ्यात तात्यासाहेब उठले, टर्बाइनकडे जाणारे पाणी त्यांनी बंद केले, यंत्र थांबवले. मग नदीच्या पाण्याने काचेचा एक पेला भरून खिडकीत ठेवला आणि निवांत चहा घेत बसले.

निरंजनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या पाण्यासाठी वर्षभर जीव टाकायचा, ते दाराशी आल्यावर दार लावून घ्यायचे, हा कुठला न्याय, असे त्याने तोंडावर विचारले.

तात्यासाहेब रागावले नाहीत. टर्बाइनचे एक जुने, टाकून दिलेले पाते त्यांनी त्याच्या हाती ठेवले. त्याची कड वाळवी लागल्यासारखी खाल्लेली होती.

"पुराच्या पाण्यात वाळू असते, बाळ. आज वीज भरपूर मिळेल, पण पाते झिजेल. उन्हाळ्यात पाणी थोडेच येते आणि झिजलेले पाते तेही वाया घालवते. पेल्यात अधूनमधून नदीचे ताजे पाणी भरत राहा; त्यातून पलीकडचा डोंगर दिसू लागला की यंत्र चालू करू."

एवढे बोलून ते जेवायला घरी गेले. केंद्र आता एकट्या निरंजनच्या हाती होते.

थोड्याच वेळात मुख्य कार्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन आला. नदी भरलेली असताना यंत्र बंद कसे, ताबडतोब चालू कर, नाहीतर बदली विसर, असे त्यांनी बजावले. निरंजनचा जीव कासावीस झाला. आईचा हरखलेला आवाज त्याच्या कानात होता. त्याने पेल्याकडे पाहिले. डोंगर कुठला, नुसता गाळ.

"साहेब, पाणी गढूळ आहे," तो म्हणाला. "निवळले की चालू करतो."

बदली गेली. त्याला वाईट वाटले, अगदी मनापासून वाटले. तात्यासाहेब परतले, त्यांनी थांबलेले यंत्र पाहिले आणि दुसरा कप काढून त्याच्यासाठी चहा ओतला.

पुढच्या उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली, तरी खालच्या गावात दिवे लागत राहिले. निरंजन तिथेच होता आणि खुशीत होता.

आपल्याही दाराशी कधी पूर येतो. तेव्हा खिडकीत एक पेला भरून ठेवावा आणि जरा बसावे.