सनईची पत्ती आणि मिश्रीची डबी

तालुक्याच्या एका गावी एकदा एक सनईवाला दातांच्या वृद्ध वैद्यांकडे आला. ऊन कलले होते. सकाळपासून लोकांची तोंडे पाहून वैद्य शिणले होते, आणि त्यांचा शिष्य त्यांच्याहूनही अधिक. हा तरी शेवटचा असो, असे मनाशी म्हणत शिष्याने त्याला आत घेतले.

सनईवाला चाळीस वर्षे देवळाच्या नगारखान्यात वाजवत होता. त्याच्या हिरड्या सुजून लालबुंद झाल्या होत्या आणि वरचे पुढचे दोन दात हलू लागले होते.

"वैद्यबुवा, हे दात गेले तर पत्ती ओठांत धरू कशी? अन् सनई सुटली तर मी उरलो कशाला? काहीतरी लावा, ठणका थांबवा."

"आजवर काय लावत होतात?"

त्याने कनवटीची डबी काढली. "मिश्री, भाजलेल्या तंबाखूची. लावली की बधिर होतं, बरं वाटतं."

"आणि ब्रश?"

"करायचो की. पण रक्त यायचं. म्हटलं, दुखऱ्या जागेला कशाला डिवचा? दोन वर्षं झाली, तिथं मिश्रीशिवाय काही लागलं नाही."

वैद्यांनी त्याची सनई मागून घेतली. तिच्या तोंडाची गवताची पत्ती लख्ख होती. त्यांनी ती काढली, मिश्रीत घोळली आणि म्हणाले, "आता दोन वर्षं हिला पाणी लावू नका."

सनईवाल्याने ती झडपच घालून हिसकावली. "काय करता हे! रोज वाजवून झाली की धुतो मी हिला. थुंकी वाळून बसली तर कुजेल, सूर फाटेल!"

"मग तीच थुंकी, तोच अन्नाचा मळ दातांच्या मुळाशी दोन वर्षं बसून आहे," वैद्य थकल्या स्वरात म्हणाले. "हिरडी रक्त काढून तुम्हाला हाका मारत होती. तुम्ही मिश्रीने तिचं तोंड दाबलंत. दुखणं थांबलं, कुजणं थांबलं नाही. तंबाखूनं हिरडी आणखी खचली."

सनईवाला पत्ती पुसत राहिला. त्याचे डोळे भरून आले. "आता दात वाचतील?"

"या दोनांचं सांगता येत नाही, खोटं कशाला बोलू? बाकीचे वाचवू."

वैद्यांनी दगडासारखा झालेला मळ खरवडून काढला, डबी ठेवून घेतली आणि एक मऊ ब्रश त्याच्या हाती दिला. "दोन वेळा, हलक्या हाताने, हिरडीच्या कडेकडेने. रक्त येईल तिथं टाळायचं नाही. मात्र रगडायचंही नाही. जोर लावूनही हिरड्या सोलवटतात. पंधरा दिवसांनी दाखवायला या."

तो गेल्यावर शिष्य कुरकुरला, "गुरुजी, बिचारा ठणका घेऊन आला आणि तुम्ही त्याची पत्ती मळवलीत."

"हिरडीचं मी गेली तीस वर्षं सांगतोय, बाळा. लोक मान हलवतात आणि डबी उघडतात. पत्तीचं त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून पत्तीला विचारलं." वैद्यांनी डोळे मिटले. "ठणका थांबवा म्हणणारे रोज येतात. का ठणकतं, हे विचारायला कुणी येत नाही. तूही विचारलं नाहीस. महिनाभर उजव्याच बाजूनं जेवतो आहेस."

शिष्य ओशाळला. डाव्या दाढेपाशी रक्त येते म्हणून त्याने तिथे ब्रश नेणे सोडले होते. दिवसभर इतरांचे खरवडून कंटाळलेला माणूस स्वतःचे पाहायला उरत नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

त्याने मोरीत जाऊन डाव्या दाढेपाशी ब्रश फिरवला. चूळ लाल आली. त्याचा हात थबकला, मग पुन्हा हलकेच डावीकडे वळला.