मागच्या रांगेचा घाम

सर्किटे आखण्याची विद्या शिकवणारे एक वृद्ध आचार्य होते. एकदा त्यांचा एक शिष्य उतरलेल्या चेहऱ्याने त्यांच्यासमोर येऊन बसला. त्याच्या आईला ऐकू येत नसे. तिच्यासाठी त्याने स्वतः चिप आखून कानामागे बसेल असे इवलेसे श्रवणयंत्र केले होते. यंत्र उत्तम चाले, पण रात्री चार्ज केलेली बॅटरी दिवस मावळायच्या आत संपे. आणि शिष्य प्रयोगशाळेतून घरी परते तो दिवेलागणीला. म्हणजे आईला दूधवाला ऐकू येई, शेजारीण ऐकू येई, कुकरची शिट्टी ऐकू येई. पोटचा मुलगा तेवढा ऐकू येत नसे. तो काहीही बोलला तरी ती हसून मान डोलवी. त्या मान डोलवण्याने त्याचा जीव तुटे.

"मोठी बॅटरी लावावी म्हणतो, गुरुजी. पण कानामागे जागाच नाही."

"आहे ती बॅटरी खातं कोण?" आचार्यांनी विचारले.

"तेच कळत नाही. चिपचे बरेचसे भाग दिवसभर रिकामे असतात. घरात कोणी बोलतच नसेल, तर बोलणं ओळखणाऱ्या भागाला काम काय? आणि जो काम करत नाही, तो खाईल कसा?"

आचार्य मिश्कील हसले. शहाण्या माणसाची चूक बहुधा अशीच, तर्काचा स्वच्छ सदरा घालून येते. उत्तर न देता ते त्याला मागच्या मैदानावर घेऊन गेले. तिथे मिरवणुकीसाठी लेझमीचा सराव चालला होता. एकेक रांग पुढे येऊन खेळे आणि बाजूला होई. आचार्यांनी शिष्याच्या हाती लेझीम देऊन त्याला शेवटच्या रांगेत उभे केले.

"तुझी पाळी येईपर्यंत काही खेळायचं नाही. नुसतं हलगीच्या ठोक्याला लेझीम वर, ठोक्याला खाली. जागच्या जागी."

शिष्य बुचकळ्यात पडला. पण गुरूंची आज्ञा. हलगी कडाडू लागली. पुढच्या रांगा वाकत होत्या, गिरक्या घेत होत्या, टाळ्या मिळवत होत्या. हा बिचारा मागे नुसताच हात हलवत होता. हळूहळू खांदे भरून आले, सदरा पाठीला चिकटला. अखेर पाळी आली, तेव्हा त्याच्याने लेझीम छातीपर्यंतही उचलवेना.

हलगीवाला हसू दाबत म्हणाला, "दादा, खेळायच्या आधीच दमला व्हय?"

"काय काम केलंस इतका वेळ?" आचार्यांनी विचारले.

"काहीच नाही," असे म्हणता म्हणता शिष्य थांबला.

"तुझ्या चिपमध्येही एक हलगी आहे, सगळ्या भागांना ताल देणारं घड्याळ," आचार्य म्हणाले. "ठोका पडला की काम असो वा नसो, प्रत्येक भाग हात हलवतो. रिकामा बसलेला खात नाही, हे तुझं म्हणणं खरं. पण तू बसू दिलंस कुणाला? हलगी थांबवू नकोस. ज्याची पाळी नाही, त्याच्यापर्यंत ठोका पोचू देऊ नकोस. वाटेत एक दार बसव. कोणी बोलतंय का, एवढंच पाहणारा एक लहानसा भाग जागा ठेव. तो दार उघडील."

शिष्याने दारे बसवली. बॅटरी टिकू लागली, पण नवेच दुखणे उपटले. कानात खटखट होऊन शब्दांचे तुकडे पडू लागले. "मेलं तुझं यंत्र बोबडं बोलायला लागलंय," आई म्हणाली. शिष्य पुन्हा आचार्यांकडे धावला आणि आचार्य पुन्हा मैदानाकडे निघाले.

या वेळी त्यांनी त्याला एका रांगेचा म्होरक्या केले. त्याचा हात वर तर रांगेने खेळायचे, खाली तर थांबायचे. शिष्याने ऐन ठोक्यातच हात खाली टाकला. अर्धी रांग थांबली, अर्धी पुढे गेली आणि लेझमी लेझमींवर आदळल्या. हलगीवाल्याने कपाळाला हात लावला.

आचार्य म्हणाले, "दार असून भागत नाही, ते हलवायची वेळ असते. ठोका मधेच तोडलास, तर अर्धा पोचतो. आणि अर्ध्या ठोक्याने जो घोळ होतो, तो मुळीच न वाजवल्याने होत नाही. दोन ठोक्यांच्या मधे शांतता असते. उघडायचं की मिटायचं हा विचार केव्हाही होवो, दार हलव ते त्या शांततेत."

पुढे नवी चिप तयार झाली आणि आईच्या कानामागे बसली. त्या दिवशी दिवेलागणीला शिष्य घरी आला आणि उंबऱ्यावरूनच, रोजच्या सवयीने, घसा ताणून ओरडला, "आई, मी आलो गं!"

आई ओट्यापाशी पाठमोरी भाकरी थापत होती. मागे न वळताच ती म्हणाली, "आलास ते ऐकलं. ओरडतोस कशाला? मी काय बहिरी आहे?"

शिष्य उंबऱ्यातच बसला. त्याचे डोळे भरून आले. मग अगदी हळू आवाजात त्याने दिवसभरातले सगळे सांगायला सुरुवात केली. आईने एकदाही मान डोलवली नाही. ती मधेमधे प्रश्न विचारत होती.