रंगारणीची कढई

खूप जुनी गोष्ट आहे मुलांनो, आणि मोठ्यांनीही कान द्यावा अशी. एका राज्यात एक रंगारीण राहत होती. तिची सगळी दौलत म्हणजे आईकडून आलेली तांब्याची एक कढई. तिच्यात एका वेळी एकच फेटा मावे.

राज्याच्या उत्सवाला चार दिवस उरले, तेव्हा प्रधान साठ कोरे फेटे आणि एक यादी घेऊन तिच्या दारात आला. दरबारात तीन घराणी होती, निळ्या, तांबड्या आणि पिवळ्या फेट्यांची. कुणी रुसू नये म्हणून मानाच्या यादीत एक निळा, एक तांबडा, एक पिवळा असा क्रम असे. सर्वांत वर अर्थातच प्रधान, सर्वांत खाली शिपाई.

"याच क्रमाने रंगव. मान म्हणजे मान!" प्रधान म्हणाला.

रंगारणीने बोटांवर हिशेब केला. त्या काळी दिवसउजेडाच्या तीस घटका धरत. "फेटा रंगायला एक घटका लागते, सरकार. पण रंग बदलायचा म्हणजे कढई घासा, नवा रंग उकळा, त्याला चार घटका. तुमच्या यादीने दिवसाला सहाच फेटे होतील, चार दिवसांत चोवीस. एकेका रंगाचे वीस सलग करू द्या, तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत साठही देते."

"म्हणजे शिपायाचा फेटा सरदाराच्या आधी? जरा हात चालव, जीभ नको! नाहीतर कढई जप्त करीन."

कढई गेली तर खाणार काय, हे तिला ठाऊक होतं. तरी ती चुलीपुढे हाताची घडी घालून बसली.

"करा जप्त. खोटा शब्द मी देणार नाही, आणि या यादीने चूल पेटवणार नाही."

प्रधानाने खरंच कढई उचलून नेली आणि वाड्यावरच्या रंगाऱ्यांना कामाला जुंपलं. ते बिचारे दिवसभर घासत राहिले. संध्याकाळी राजा बघायला आला, तर दोरीवर सहा फेटे वाळत होते.

राजाने रंगारणीला बोलावलं. "आता तीन दिवसांत उरलेले चोपन्न होतील?"

"होतील, महाराज. पण क्रम माझा राहील. आणि कढई घासायला किती वेळ लागतो ते ज्यांना पटत नाही, तीनही वेळा त्यांनीच घासावी."

एका रंगारणीने प्रधानाला कढई घासायला सांगितलं होतं! राजा मात्र हसला आणि म्हणाला, "मंजूर."

प्रधानाने बाह्या सावरल्या. आधी तांबड्यासाठी घासली, मग पिवळ्यासाठी, मग निळ्यासाठी. कंबर मोडली, नखांत रंग बसला. तिच्या कामाच्या तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला शेवटचा फेटा दोरीवर चढला, आणि कढई मानाने रंगारणीच्या घरी परत गेली.

उत्सवात साठही फेटे झळकले. कुणाचा आधी रंगला हे कुणालाच ओळखता येईना. तेवढ्यात शेजारच्या राज्याच्या दूताने प्रधानाला विचारलं, "तुमच्याकडे दिवसाला किती फेटे रंगतात हो?"

प्रधानाने आपल्या रंगलेल्या बोटांकडे पाहिलं. "रंग किती वेळा बदलायचा, ते आधी सांगा," तो म्हणाला.

तात्पर्य: हुकूम करून काम वाढत नाही, तयारीत जाणारा वेळ आधी मोजावा, मगच आज्ञा द्यावी.