गोदूकाकूंची यादी

वस्तू उघडपणे बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका मंगळवारी अंगण झाडता झाडता केरसुणीने बातमी ऐकली आणि आत येऊन सांगितली, "गोदूकाकू दवाखान्यातच गेल्या."

भिंतीवर काकूंची वर्षाची यादी होती: दार रंगवणे, लाल मिरच्या पिकवणे, गोधडी पुरी करणे.

"काकूंचं काही राहता कामा नये," सुई म्हणाली. ब्रशने दार रंगवलं आणि वेळ वाचावा म्हणून हिरव्या मिरच्याही लाल रंगवल्या. काकूंच्या बोटांवाचून सुईने कधी टाका घातला नव्हता, तरी ती शिवत राहिली.

चार बोटं फट उरली तेव्हा गोधडी म्हणाली, "थांब गं! तोंड शिवण्याआधी पोळीचा तुकडा घालतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून."

"चिखलाची थापू का?" खुरप्याने विचारलं.

"काकूंच्या हातची हवी."

सुई थांबली. तेवढी फट शिवायची राहिली.