शंभर पाण्यांचं तूप

एक होती राणी. राजाही होता हं, पण तो गेला होता लढाईला, आणि आपल्या गोष्टीत त्याचं काही काम नाही. नंदू, राजाचा घोडा कुठल्या रंगाचा ते मागाहून विचार. आधी पांघरुणात पाय घे. आणि शमे, तू खाजवू नकोस. गोष्ट ऐक.

तर त्या राणीचं नाव चंद्रावळ. तिचं राज्य होतं एका उंच, उघड्या माळावर. झाडं म्हणाल तर चार बाभळी, आणि वारा म्हणाल तर चारी दिशांनी. राणी मोठी कामसू, आणि तिचे हात भारी चपळ. वेणी घालायला बसली की पेड कधी पडले ते कळायचं नाही. भाकरी थापायला घेतली की चूल म्हणायची, बाई गं, मला पेटू तर दे! आता राणी कसली भाकरी थापते, असं म्हणू नका. आपल्या गोष्टीतली राणी थापते.

राणीला एकच लेक. तिचं नाव जुई. पाच वर्षांची. गोरी होती का सावळी, ते काही मला ठाऊक नाही. आईला लेक दिसते तशी, गोड होती. पण अंगाची कातडी इतकी नाजूक, जसा कांद्याचा पापुद्रा. पावसाळ्यात बरी असायची. थंडी पडली की बिचारीचे गाल उलायचे, कोपरं खरखरीत व्हायची, गुडघ्यांच्या मागे लाल चट्टे उठायचे. खाजवलं तर आग, नाही खाजवलं तरी आग.

आणि सगळ्यांत वाईट काय, सांगू? कुणी हात लावला की तिला चुरचुरायचं. राणी जवळ घ्यायला गेली की जुई दोन पावलं मागे सरायची. "आई, नको ना. दुखतं." दिवाळीपासून राणीनं लेकीला कुशीत घेतलं नव्हतं. बघा बरं, आई समोर, लेक समोर, आणि मध्ये वीतभर जागा. त्या वीतभर जागेपायी राणीचा जीव तीळतीळ तुटायचा.

मग एकदा काय झालं, राणी सकाळी खिडकी लावायला गेली, तर खिडकीत कोण बसलेलं? झोंबऱ्या वारा! लांबलचक वाळका म्हातारा, अंगावर काट्याकुसळांची घोंगडी.

"राणी, माझा कायदा ठाऊक आहे ना?" वारा म्हणाला. "वाळलं ते माझं. वाळकी पानं माझी, खळ्यातला भुसा माझा. तुझी पोर वाळायला लागलीय. संक्रांतीला येईन. वाळलेली असली तर घेऊन जाईन. ओली असली तर तुझी."

दुष्ट नव्हता हो तो. त्याला आपलं काम तेवढं ठाऊक. पण राणी लगेच बोटांवर दिवस मोजायला लागली. संक्रांतीला उरला होता एक महिना.

मग राणीनं दवंडी पिटवली. पहिला वैद्य आला. भलंमोठं पागोटं. तो म्हणाला, "मळ साचलाय." त्यानं मसूरडाळीचं जाडंभरडं उटणं केलं आणि जुईला असं घासलं, असं घासलं, की तांब्याचा हंडासुद्धा म्हणाला असता, पुरे! पोर लालेलाल झाली. आणि दुसऱ्या दिवशी दारातल्या रांगोळीवरून चालत गेली, तर रांगोळी जशीच्या तशी. एक रेघ विस्कटली नाही. पोर हलकी झाली होती.

मग दुसरा वैद्य आला. त्याच्या पेटीत नुसती अत्तरं. गुलाब, केवडा, हिना, वाळा. तो म्हणाला, "राजकन्येला राजाचं औषध." सगळी अत्तरं एकत्र केली आणि चोळली. वाडाभर घमघमाट, आणि पोर रडून रडून बेजार. अंगावर पुरळ उठलं. त्या दिवशी जुई झोपाळ्यावर बसली, तर झोपाळ्याची कडी कुरकुरलीसुद्धा नाही.

मग तिसरा आला. तो म्हणाला, "थंडीचा विकार आहे, थंडी काढली पाहिजे." त्यानं कढत पाण्यानं दिवसातून तीन वेळा आंघोळ घालायला सांगितली. पहिल्या दिवशी पोरीला बरं वाटलं. कढत पाणी असंच असतं, अंगावर असेतो गोड. पण आठ दिवसांत जुई वाळल्या शेंगेसारखी झाली, आणि चालताना तिची पावलं जमिनीपासून बोटभर वर! राणीनं तिच्या पायात चांदीचे जड वाळे घातले, म्हणजे उडून तरी जायची नाही. तर वाळे टोचून पाय लाल झाले. रोग परवडला, पण औषध नको, अशी गत झाली.

संक्रांत आली आठ दिवसांवर. राणी मुदपाकखान्याच्या मागच्या दारात बसली, आणि पदर डोळ्यांना लावून रडली. अगदी हमसून हमसून रडली. आईच ती, शेवटी काय करणार?

तेवढ्यात तूप घालायला आली हौसाबाई गवळण. वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दोन दात, पण हात कसे? लोण्यासारखे. तिनं राणीला रडताना पाहिलं, आणि डोक्यावरचा गडवा खाली ठेवला.

"काय झालं वं, राणीसायब?"

राणीनं सगळं सांगितलं. हौसाबाई खो खो हसली. "आवं, काखेत कळसा नि गावाला वळसा! तूप हाय की घरात. पर असंच न्हाई लावायचं. धुवायचं त्येला. तांब्याच्या ताटात गाईचं तूप घ्यायचं, गार पाणी घालायचं, तळहातानं गोल गोल फिरवायचं. पाणी वतायचं, नवं घ्यायचं. अशी शंभर पाणी. मग बघा, कसं पांढरंफेक नि थंडगार व्हतं ते."

"एवढंच? आत्ता करते!" राणी उठलीच.

"थांबा, थांबा. हीच तर गोम हाय. हात आईचाच पायजे, दासीचा न्हाई. आनि हाताला घाई नको. घाईचा हात लागला की तूप फुटतं, नि मोजणी परत एकपासनं."

राणी म्हणाली हो हो, पण हो म्हणणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन बसली. एक पाणी, दोन पाणी, दहा पाणी, भराभरा, भराभरा. एक डोळा ताटाकडे, एक डोळा दासीकडे. "अगं, तीळ निवडलेस का? गूळ चिरलास का?" चाळिसाव्या पाण्याला तूप फुटलं. नुसता रवा रवा.

मग दोन दिवसांनी पुन्हा बसली. या वेळी दासीला बाहेर काढलं. ऐंशी पाणी झाली. तूप पांढरं व्हायला लागलं. पण राणीनं वास घेऊन पाहिला, आणि तिच्या मनात आलं, राजकन्येच्या अंगाला तुपाचा वास? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चार बायका येतील, त्या काय म्हणतील? राहिलेली वीस पाणी उरकून टाकावीत आणि गुलाबाचे दोन थेंब घालावेत. थेंब पडला मात्र, तूप रुसलंच. पुन्हा रवा. लोक काय म्हणतील, याचीसुद्धा घाईच असते, बरं का.

आता भोगी उद्यावर आली, आणि भोगीच्या दुसऱ्या दिवशी तर संक्रांत. राणी तिसऱ्यांदा ताट घेऊन बसली, तर हात पुन्हा भराभरा फिरायला लागले. जितकी भीती तितकी घाई. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आई, मी मोजू?"

जुई आली होती. बोटभर अधांतरी, मुठीत लालचुटूक गुंजा. येऊन ताटापलीकडे बसली. पण तिला मोजता यायचं विसापर्यंतच! मग राणी म्हणाली, "पाच विसा म्हणजे शंभर, बाळा. वीस झाले की एक गुंज बाजूला ठेव."

जुई मोजायला लागली. "ए-ऽ-क." मग नाक पुसलं. "दो-ऽ-न." मग चिमणी बघितली. पोरीचं मोजणं ते! आणि ती पुढचा आकडा म्हणेपर्यंत राणीला पाणी ओतता येईना. मग काय करते? लागली हळूहळू फिरवायला. एक विसा झाला. मध्ये जुईनं विचारलं, चिमणीला थंडी वाजते का? राणीनं सांगितलं, वाजते, म्हणून ती फुगून बसते. दुसरा विसा झाला. जुईनं विचारलं, मी लहान असताना तू मला कुठे धरायचीस? राणी म्हणाली, "इथे. खांद्यावर." पण हात थांबला नाही, घाईलाही आला नाही. कित्येक दिवसांत मायलेकी अशा बसल्याच नव्हत्या. सगळा वेळ गेला होता वैद्य बोलावण्यात.

पाचवी गुंज बाजूला पडली, आणि ताटात बघतात तो काय! तुपाचा गोळा जुईच्या फुलासारखा पांढराशुभ्र, हाताला गारेगार, सायीहून मऊ.

राणीला वाटलं, आत्ताच सगळं फासावं. पण हौसाबाईनं बजावलं होतं, "औषध चांगलं, म्हनून समद्यांना सोसंलच असं न्हाई. आदी कोपराच्या आत एक ठिपका. येक दीस वाट बघा." म्हणून भोगीच्या सकाळी राणीनं जुईच्या कोपराच्या आत ठेवला एवढासा ठिपका. आणि तो दिवस? काढता निघेना हो! घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी झाली, भोगीची भाजी झाली. 'न खाई भोगी तो सदा रोगी' म्हणतात म्हणून राणीनं दोन घास खाल्ले, पण लक्ष सारं त्या कोपराकडे. दहादा बाही वर करून पाहिली. ठिपक्याला काही झालं नाही.

मग उजाडली संक्रांत. लांबून वारा येताना ऐकू यायला लागला. राणीनं वाळे काढून टाकले. कोमट पाण्यानं, दोन तांब्यांत जुईची आंघोळ. उटणं नाही, घासणं नाही. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याच्या तुकड्यानं अंग टिपलं, पुसलं नाही. आणि अंग ओलसर आहे तोवर बोटावर तूप घेतलं.

"दुखेल?" जुईनं विचारलं.

"दुखलं तर लगेच हात काढीन."

राणीनं बोट टेकवलं. जुईनं डोळे घट्ट मिटले होते. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि मग, ऐका हं, तिनं आपल्या हातानं आईचा अख्खा तळवा उचलला आणि आपल्या गालावर ठेवला. ती वीतभर जागा होती ना? ती गेली.

सगळ्या अंगाला तूप लागलं. जुईची पावलं टेकली जमिनीला, आणि ती अंगणात पळाली, ती थेट संक्रांतीच्या रांगोळीतून! सगळी रांगोळी विस्कटली. एरवी राणीनं धपाटा घातला असता. आज ती त्या पावलांच्या ठशांकडे बघून रडायलाच लागली.

तोच आला झोंबऱ्या. आल्या आल्या जुईचा दंड धरला, तर हात सटकला. पाय धरला, पाय सटकला. वेणी धरून ओढायला गेला, तर स्वतःच घसरून धपकन तुळशीच्या ओट्यावर आपटला! ओल्या अंगावर त्याची काही मात्रा चालेना. "पोर ओली आहे," तो पुटपुटला. "तुझी." आणि तिथंच कंबर धरून बसला.

जुई त्याच्याकडे बघत राहिली. त्याचे ओठ फाटून रक्त आलेलं. टाचांना भेगा, त्यात बोट जाईल एवढ्या. जगातलं सगळं वाळलेलं गोळा करणारा तो. त्याच्यासारखं कोरडं दुसरं कोण असणार?

"आई," जुई म्हणाली, "याला पण लाव ना."

राणीनं त्याच्याकडे पाहिलं. राग होता हो तिच्या मनात, नाही कसा? पण लेकीच्या अंगाची आग तिनं पाहिली होती. तिनं बोटावर तूप घेतलं आणि म्हणाली, "कोपर दाखव. आधी ठिपका. उद्यापर्यंत इथंच बस."

आणि बसला की हो तो! म्हणून त्या संक्रांतीला त्या राज्यात एकसुद्धा पतंग उडाला नाही. पोरं रुसली, मग त्यांना तिळगूळ जास्त दिला. दुसऱ्या दिवशी राणीनं वाऱ्याच्या ओठांना तूप लावलं. टाचांना जुईनं लावलं. म्हातारा म्हणाला, "आजवर मला कुणी हात लावला नव्हता." आणि जाताना त्याची घोंगडी कुणाला टोचली नाही.

तेव्हापासून संक्रांत झाली की त्याचा जोर तिळातिळानं कमी होतो. पण म्हातारा विसराळू. दरवर्षी तूप लावायचं विसरतो आणि थंडीत पुन्हा खरखरीत होऊन येतो. म्हणून आपण आपलं लावून ठेवायचं.

मग जुई मोठी झाली, राजाही घोड्यासकट परत आला. नंदू, ऐकलंस का? घोडा पांढरा होता. झोपला वाटतं.

शमे, तू कोपर दाखव बघू. काल ठिपका लावला होता ना? लाल नाही, काही नाही. आण तो हात इकडे. हळू लावते हं, मला कुठली आलीय घाई? दुखलं तर सांग, लगेच काढीन. हं. आता दुसरा हात. शंभर पाण्यांची गोष्ट होती, बोटावरच्या तुपाएवढी उरली. तीही जिरली. मीट डोळे.